नॉन-वोव्हन की कापडी? सोलापूरकरांनी तरी फसू नये

परवा नवी पेठेत ड्रेस पीस घेतला, दुकानदारानं लाल पिशवीत घालून दिला आणि म्हणाला घ्या ताई, कापडी आहे, प्लास्टिक आम्ही बंदच केलंय. तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही ती कापडीच वाटते. पण ती नॉन-वोव्हन होती, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सिमेंटची गोणी आणि जेवणाचे डबे बनतात ना तेच प्लास्टिक. ज्या गावात घरटी कुणीतरी मागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात काम केलंय तिथं हा घोळ व्हावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापड म्हणजे ताणा आणि बाणा, उभा धागा आडवा धागा, हे आपल्या विणकरांच्या पूर्व भागातलं शेंबडं पोर पण सांगेल. नॉन-वोव्हनमध्ये विणकामच नसतं, प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू एकावर एक पसरवतात आणि गरम रोलरखाली दाबून चिकटवतात, म्हणून तिच्यावर सगळीकडे ते बारीक ठिपके दिसतात. तेच बघायचं आधी. मग कडेचा एक धागा ओढून बघा, सुती असेल तर धागा सरळ सुटून येतो, नॉन-वोव्हनचं नुसतं कापसासारखं पिंजून हातात येतं. पाण्याचा थेंब टाकला तर सुती पिशवी पिऊन टाकते (धुऊन कोरडं केलेलं कापड घ्या, नव्याला खळ असते), नॉन-वोव्हनवर तो बराच वेळ तसाच थांबतो. तरी शंका असेल तर अगदी छोटा तुकडा चिमट्यात धरून घराबाहेर जाळा, सुताची कागदासारखी राख होते, हिचा आकसून कडक मणी होतो.

आता नियमाचं. 23 मार्च 2018 ला राज्यानं प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आणली, हँडल असो नसो, जाडी कितीही असो. पहिल्यांदा सापडलं तर 5000 दंड, दुसऱ्यांदा 10000, तिसऱ्यांदा 25000 आणि 3 महिने कैद. नॉन-वोव्हनसाठी केंद्राचा नियम असा की 60 जीएसएमपेक्षा हलकी पिशवी 30 सप्टेंबर 2021 पासून चालत नाही. जीएसएम काय ते टॉवेलवाल्यांना सांगायला नको, एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, आणि आपला बरा टॉवेल 400 च्या पुढं असतो त्यावरून 60 किती पातळ ते कळेल. म्हणजे जाड नॉन-वोव्हन केंद्राच्या नियमात बसते, पण नियमात बसली म्हणून ती कापड होत नाही.

दुसरी बाजू पण सांगते. नवी सुती पिशवी फुकटात पडत नाही, कापसाला पाणी लागतं, सूत कातायला, रंगवायला वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अभ्यासात नुसत्या हवामानाच्या हिशोबानं सुती पिशवी निदान 52 वेळा वापरली तर ती तिथल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, नॉन-वोव्हन 6 वेळातच येते. पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर सुतीचा आकडा 7100 पर्यंत जातो. म्हणून प्रत्येक समारंभात छापील नवीन सुती पिशव्या वाटणं मला पटत नाही. जुनी चादर, विरलेलं धोतर, शर्टाचं कापड, यांची पिशवी गल्लीतल्या टेलरकडून शिवून घ्या, त्या कापडाचं आयुष्य आधीच वसूल झालेलं असतं. चादरीची पिशवी तर पाच किलो ज्वारी सहज पेलते. मंडईत ओली मेथी ठेवली तरी काही होत नाही, घरी आल्यावर साबणात टाकायची की झालं.

घरात साठलेल्या नॉन-वोव्हन लगेच फेकू नका, फाटेपर्यंत वापरा. फक्त गच्चीवर उन्हात ठेवू नका, आपल्या उन्हात तंतू ठिसूळ होतात आणि हात लावला की भुगा पडतो, तो भुगा कुणालाच गोळा करता येत नाही.