मेणखडू आणि तेलखडू: डबा सारखा, हाताचं काम वेगळं

"बाई, खडू आणलेत," म्हणत पालक पिशवीतून पंचवीस रंगांचा डबा काढतात आणि झाकण उघडायच्या आधीच मला कळतं, तेलखडू. बालवर्गाच्या यादीत मी दरवर्षी 'मेणखडू' लिहिते, खाली दोनदा रेघ मारते. तरी निम्म्या वर्गाकडे तेलखडूच येतात. दुकानदार दोन्हींना क्रेयॉनच म्हणतो आणि घरी 'रंग तो रंग' असा हिशेब असतो.

तेलखडू तुम्हाला ठाऊक आहेत. डोंगरामागचा सूर्य आपण सगळ्यांनी त्यांनीच रंगवलाय आणि शर्टाच्या बाह्याही माखल्यात. त्यांत मेणाच्या जोडीला न वाळणारं तेल असतं, म्हणून चित्र वर्षभरानेही बोटाला लागतं. मेणखडूत असतं पॅराफिन मेण आणि रंगद्रव्य. जपानच्या साकुरा कंपनीने 1925 मध्ये आपल्या तेलखडूंना 'क्रे-पास' असं नाव दिलं, क्रेयॉन आणि पेस्टल जोडून. म्हणजे नावांची सरमिसळ जुनीच आहे. ओळखायचं असेल तर नख लावून बघा. तेलखडूत रुततं, मेणखडूवर नुसता ओरखडा उठतो. किंमत, रंगांची संख्या, कपड्यांवरचे डाग यांवर मी वेळ घालवत नाही.

खरा फरक आहे जोराचा. तेलखडू नुसता टेकवला तरी रंग देतो. मेणखडूकडून तो दाबून काढून घ्यावा लागतो.

मध्यंतरी वर्गाला कबड्डीचं चित्र दिलं होतं: एक पाय लांब टाकलेला चढाईपटू आणि समोर हातांची साखळी करून दोघं. तेलखडूवाल्या मुलाने चढाईपटूची चड्डी चार फटकाऱ्यांत लाल केली. हात खांद्यापासून हलला, बोटं मुठीत तशीच आवळलेली. शेजारची मुलगी मेणखडूने तेच रंगवत होती. पहिला हात फिका आला. तिने दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं, अंगठ्याचा सांधा वाकला. तेवढ्या जोराने कागद सरकला, तर तिचा डावा हात कुणी न सांगता कागदावर येऊन बसला. त्या मुलाचा डावा हात मात्र शेवटपर्यंत बाकाखाली लोंबत होता. पुढे एका हाताने वही धरून दुसऱ्याने लिहायचं असतं, त्याची तालीम त्या चड्डीत झाली.

आणि घरी गेल्यावर तिलाच ऐकावं लागलं, "रंग किती फिका!" मला याचीच चीड येते. चित्र भिंतीवर लावायला रंगवायचं असेल तर तेलखडूच घ्या. हात वळवायचा असेल तर फिका रंग चालवून घ्या.

दुसरी गोष्ट खडूच्या टोकाची. समोरून काढलेल्या जुन्या धाटणीच्या फुटबॉलमध्ये सहा काळे पंचकोन दिसतात, मधला पुरा आणि कडेचे पाच तिरपे. एवढ्याशा पंचकोनात खांदा कामाचा नाही, मनगट टेकवून बोटंच हलवावी लागतात. मेणखडू त्याच्या कोपऱ्यात शिरतो. तेलखडूचं टोक दोन मिनिटांत बोथट होतं, रंग बाहेर सांडतो आणि मग "रेषेबाहेर गेलास" म्हणून ओरडा बसतो पोराला. चूक खडूची. चित्रही बघून निवडा. बुटाच्या नाड्या आणि बॅटवरची अक्षरं चार वर्षांच्या मुलाला देऊ नका. त्यापेक्षा खो-खोचं चित्र बरं: एका ओळीत बसलेले आठ जण, एकाआड एक तोंड फिरवलेले. एका बाजूला तोंड असलेल्यांना निळा, उरलेल्यांना पिवळा. हाताबरोबर डोळ्यालाही काम.

मेणखडू तुटला की आया नवा डबा आणतात. नका आणू. मी तर मुद्दाम तोडते. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा मुठीत मावतच नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. रांगोळी सोडताना जी तीन बोटं लागतात, तीच. "पेन्सिल नीट धर" असं शंभरदा सांगण्यापेक्षा हा तुकडा बरा. लांब, जाड तेलखडू मात्र मुठीत छान बसतो आणि मूठ सुटत नाही.

एक खेळ तर मेणखडूनेच नीट होतो. बॅडमिंटनच्या रॅकेटवर पातळ कागद ठेवा, खडूचा कागद सोलून तो आडवा धरा आणि घासा. तारांची जाळी उमटते. कॅरमच्या सोंगटीवरची गोल वलयंही अशीच निघतात. जोर कमी पडला तर काही दिसत नाही, जास्त झाला तर कागद फाटतो. किती दाबायचं ते हात स्वतःच शिकतो. तेलखडूने बहुतेक वेळा चिकट लगदा होतो.

तेलखडूशी माझं वैर नाही. ज्या मुलाचा हात पाच मिनिटांत दुखायला लागतो, त्याला मी आधी तेलखडूच देते, नाहीतर ते रंगवायलाच बसत नाही. वयाच्या सहा-सात वर्षांनंतर मैदानाचं गवत दोन हिरव्यांनी मिसळायचं असेल तर मेणखडू काही कामाचे नाहीत. म्हणून आणलेला पंचवीसचा डबा परत करू नका, पहिली-दुसरीत लागेल. तोवर कपाटात ठेवा, गॅलरीतल्या उन्हात नको. मे महिन्यात सगळे रंग एकमेकांना चिकटून बसतात.