घरात कुणी काय खावं? गिरणीवर येणाऱ्या सगळ्यांसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, "घरातल्या सगळ्यांना चालेल असं एकच काहीतरी द्या ना, सत्त्व द्या नाहीतर मल्टिग्रेन पीठ द्या." देतो की, धंदाच आहे आमचा. पण सगळ्या घराला एकच डबा पुरतो असं मात्र नाही, कारण सात महिन्यांचं बाळ, दहावीतली पोरगी, बाळंतीण आणि सत्तरीचे आजोबा यांच्या शरीराची मागणी वेगवेगळी असते, धान्य तेच असलं तरी ते किती, कुठल्या रूपात आणि कशाच्या जोडीने द्यायचं हे वयाप्रमाणे बदलतं. म्हणून हा कागद छापून दळणाच्या पिशवीत टाकतोय. रोजच्या गरजेचे जे आकडे दिलेत ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी ठरवलेले आहेत, आमच्या मनचे नाहीत.

बाळापासून सुरू करू. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, घुटी नको. आणि मध तर वर्ष होईपर्यंत अजिबात नको, आपल्याकडे जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत आहे पण मधातून बोट्युलिझम नावाची विषबाधा तान्ह्या बाळाला होऊ शकते, तेव्हा आज्जी कितीही म्हणाल्या तरी नको. सहा महिन्यांनंतर मात्र उशीर करू नका. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला साधारण तिप्पट होतं, आणि जन्मताना आणलेला आयर्नचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, नुसत्या दुधावर पुढे भागत नाही. मऊ खिचडी, वरण-भात-तूप, नाचणीची पेज, खात असाल तर अंडं, हे सगळं चालू करायचं आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचं. वर्षापर्यंत वेगळं मीठ-साखर घालू नका.

पेज मात्र पाण्यासारखी करू नका. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरलं तर खाल्लं काय त्याने? चमचा तिरपा केला तरी पटकन ओघळणार नाही इतकी घट्ट पाहिजे. इथेच मोड आणलेल्या नाचणीचा खरा उपयोग, कारण मोड आले की धान्यातला स्टार्च थोडा सुटा होतो आणि पेज लवकर घट्ट होत नाही, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, शिवाय आयर्न आणि कॅल्शियम अडवून धरणारं फायटेट पण कमी होतं.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. आमचं नाचणी सत्त्व आम्ही "बाळाचं खाणं" म्हणून विकत नाही आणि तुम्ही कितीही विचारलंत तरी पाकिटावर बाळाचा फोटो येणार नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या तयार खाण्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आम्हाला तो कायदा पटतो. बाळासाठी नाचणी घरीच करा, अवघड काही नाही: निवडून धुऊन रात्रभर भिजत घाला, कापडात बांधून बारीक मोड येऊ द्या, सावलीत कडकडीत सुकवा, मंद आचेवर हलकं भाजा आणि आमच्याकडे आणा. सकाळी जातं धुऊन पुसून घेतलेलं असतं तेव्हा पहिलं दळण तुमचंच, मिरची-मसाल्याच्या नंतर आम्ही ते टाकत नाही.

शाळेतल्या मुलांचं फार लिहीत नाही. डब्यात रोज बिस्किटं आणि क्रीमरोल नको, थालीपीठ, धिरडं, उसळ-पोळी, शेंगदाण्याची चटणी हे पुष्कळ झालं, आणि शाळेत जंताची गोळी देतात ती चुकवू नका, कारण पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

खरी गडबड वयात येताना होते आणि तिकडे घरात सगळ्यात कमी लक्ष असतं. उंची झपाट्याने वाढते, मुलींची पाळी सुरू होते, आणि नेमक्या त्याच वयात क्लासला पळायचं म्हणून सकाळचं खाणं चहा आणि खारीवर आलेलं असतं. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम आयर्न लागतं आणि तिच्या बाबांना १९! तरीपण ताटात भाकरी कुणाला जास्त वाढतो आपण ते बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं, म्हणजे दोघींत एक, आणि ही कमतरता लग्नानंतर अचानक येत नाही, ती पोरवयातच सुरू झालेली असते.

यावर लोक गूळ सांगतात. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात आयर्न निघतं अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, आता ३२ पर्यंत कधी पोचणार? गूळ चवीला खा, औषध म्हणून नको. त्यापेक्षा बाजरी धरा, शंभर ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, तीळ लावलेली बाजरीची भाकरी फक्त भोगीलाच कशाला, थंडीभर करा की. सोबत मटकीची उसळ आणि वर लिंबू. लिंबू, आवळा, पेरू यातलं सी व्हिटॅमिन धान्यातलं आयर्न शोषून घ्यायला मदत करतं, आणि चहा उलटं करतो, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. हा एवढा एक बदल फुकटचा आहे. पण हिमोग्लोबिन खूप खाली असेल तर भाकरीने भरून निघत नाही, तिथे डॉक्टर देतील त्या गोळ्याच घ्यायच्या, शाळेत आठवड्याला मिळते ती लोहाची निळी गोळी पण पोरींनी घरी आणून ड्रॉवरमध्ये टाकायची नाही.

मुलांचं दुसरंच असतं, जिम लावली की महागडी प्रोटीन पावडर. साधारण माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६५ किलोच्या पोराला ५४ ग्रॅम. व्यायाम जोरात असेल तर थोडं जास्त धरा. ते डाळ, फुटाणे, शेंगदाणे, दूध, अंडी यातून होण्यासारखं आहे. आमच्या डाळ्याच्या पिठाची जाहिरात करतोय असं वाटेल, पण फुटाणे तुम्ही कुठूनही घ्या.

गरोदरपणी "दोन जिवांचं खा" म्हणतात, म्हणजे दुप्पट खायचं असं नव्हे. जास्तीचं लागतं ते दिवसाला ३५० कॅलरी, म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि थोडं दही, बस. प्रोटीनची गरज मात्र शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमने वाढते, म्हणून भात वाढवण्यापेक्षा डाळ, दूध, अंडी वाढवा. फॉलिक अ‍ॅसिडचं तर दिवस राहण्याच्या आधीपासून बघायला पाहिजे, कारण बाळाचा मेंदू-मणका ज्यातून घडतो ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच जुळून बंद व्हायची असते, तोवर पुष्कळ जणींना कळलेलंही नसतं. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस देतात, त्या मळमळतं म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या.

बाळंतपणानंतर खरी भूक लागते आणि ती खरीच असते, पहिले सहा महिने दूध पाजताना ६०० कॅलरी जास्त लागतात, गरोदरपणापेक्षाही जास्त, आणि कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम. आपल्या जुन्या बायकांनी डिंक, आळीव, खारीक, खोबरं, मेथी यांचे लाडू ठरवले ते उगाच नाही. पण लाडू सणसणीत असतो, आमचा चाळीस ग्रॅमचा लाडू दोनशे कॅलरीच्या घरात जातो. सकाळी एक, फार तर संध्याकाळी एक. नुसते लाडू आणि बाळंतशेपा, भाजी नाही, पाणी कमी, हे काही घरांत चालतं ते बरोबर नाही, दूध पाजणारीला तहान लागते तर पाणी द्या. आळिवाचे लाडू गरोदर बाईसाठी कुणी मागितले तर आम्ही देत नाही, बाळंत झाल्यावर या.

तिशी ते पन्नाशी. इथे कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच भीती. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी आणि पुरुषाला २११० पुरतात, आणि ऑफिसातले समोसे त्यात धरलेले नाहीत. वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा, पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हा. शुगर असणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, नाचणी चांगली म्हणून वस्त्रगाळ सत्त्वाची लापशी पिऊ नका, बारीक पीठ आणि पातळ शिजवलेलं असलं की शुगर भरभर वाढते. तुम्हाला कोंड्यासकट जाडसर पिठाची भाकरी बरी, शिवाय नाचणीचं बरंचसं कॅल्शियम टरफलातच असतं, चाळून टाकलं तर गेलं.

आता आज्जी-आजोबा. वय झालं की भूक कमी होते, चालणं कमी होतं, पण प्रोटीनची गरज कमी होत नाही, आणि कॅल्शियमची तर वाढते, साठीनंतर १२०० मिलिग्रॅम. त्यांचा दिवस बघा: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन घास आमटी-भात, संध्याकाळी परत चहा, रात्री मेतकूट-भात. मेतकूट आम्हीच विकतो, तोंडाला चव आणतं, पण चमचाभर मेतकुटात प्रोटीन असतं दोन ग्रॅम, लागतं पन्नास. मग मांड्या-दंड सुकतात, जिन्यावर तोल जातो आणि घरचे म्हणतात वयच झालं. दात नाहीत म्हणून नुसता भात देण्यापेक्षा मुगाचं मऊ धिरडं, घट्ट वरण, ताक-दही, पनीर कुस्करून, ज्यांना चालतं त्यांना मऊ अंडं, असं थोडं थोडं दिवसात चार-पाच वेळा द्या. नाचणीची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ग्लासभर दुधात साधारण तेवढंच, भाकरी चावत नसेल तर ताकातली आंबील करा. आणि सकाळी उन्हात बसवा, डी व्हिटॅमिन पिठात नसतं.

बी-१२ पण कुठल्याच धान्यात नसतं. पूर्ण शाकाहारी माणूस, त्यात बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन नावाची गोळी चालू, अशांनी एकदा बी-१२ तपासून घ्या, मुंग्या येणं आणि विसरणं दर वेळी वयामुळे नसतं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा, तिथे वरचं सगळं गणित वेगळं होतं.

आमची नाचणी जावळीकडची, शाळू माण-खटावचा, पीठ ताजं दळून देतो. बाजरीचं पीठ एकदम जास्त नेऊ नका, आठ-दहा दिवसांत कडवट होतं, लागेल तसं न्या. तिळाची पूड फ्रिजमध्ये ठेवा. ऑर्डर देताना घरात कोण कोण खाणार, वय किती, शुगर आहे का, दातांचं काय, एवढं सांगा म्हणजे जाडसर की बारीक, चाळून की कोंड्यासकट ते आम्ही ठरवू. दळण सकाळी आठ ते एक, संध्याकाळी चार ते आठ, लाइट गेली तर फोन करून या.