समुद्री शेवाळातलं आर्सेनिक: आधी 'किती', मग 'कोणतं'

समुद्राच्या लिटरभर पाण्यात आर्सेनिक असतं जेमतेम १ ते २ मायक्रोग्रॅम. तपकिरी शेवाळ वाळवून तपासलं, तर किलोमागे कित्येक मिलिग्रॅम निघतं. आर्सेनेट या आर्सेनिकच्या पाण्यातल्या रूपाची ठेवण फॉस्फेटसारखी असते. शेवाळाला फॉस्फेट हवं असतं आणि त्याच वाटेनं आर्सेनेटही आत शिरतं.

आर्सेनिक पकडण्याची जुनी युक्ती विषप्रयोगाच्या खटल्यांतून आली. १८३६ मध्ये जेम्स मार्श यांनी जस्त आणि आम्लाच्या मदतीनं आर्सेनिकचा वायू करून, तो तापलेल्या काचनळीत नेऊन काळा चकचकीत थर दाखवला. शेवाळाच्या ढीगभर नमुन्यांत एकामागून एक धातू मोजणं सोपं झालं ते फार पुढे, ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये अणुशोषणाची (धातूचे अणू ठरावीक प्रकाश किती शोषतात त्यावरून तो मोजण्याची) पद्धत मांडल्यानंतर.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, कॉर्नवॉलमध्ये, कथील-तांब्याच्या खाणींचं पाणी कार्नन नदीतून रेस्ट्राँगेट खाडीत उतरतं. पाण्याचा नमुना त्या घटकेपुरतंच सांगतो, भरती-ओहोटीत आकडा बदलतो. खडकाला चिकटलेलं फ्यूकस नावाचं तपकिरी शेवाळ मात्र आठवड्या-महिन्यांचा हिशेब साठवतं. म्हणून १९७०च्या दशकात प्लिमथच्या संशोधकांनी या भागातल्या खाड्यांचं प्रदूषण शेवाळावरून मोजलं. काम किचकट. पानावरचा गाळ नीट धुतला नाही, तर गाळातलेच धातू मोजले जातात. शेंड्यापेक्षा जुन्या भागात जस्तासारखे धातू जास्त साठतात, त्यामुळे कुठला तुकडा कापला हेही लिहून ठेवावं लागतं.

तरी हे सगळं 'एकूण' आर्सेनिकच. तीव्र आम्लात नमुना जाळला की सगळी रूपं एक होतात. खरं वळण आणलं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॉन एडमंड्स आणि केव्हिन फ्रान्सेस्कोनी यांनी. १९८१ मध्ये त्यांनी एक्लोनिया या तपकिरी शेवाळातून आर्सेनिकयुक्त शर्करा वेगळ्या काढल्या. घेतलेल्या विषारी आर्सेनेटचा बराच भाग शेवाळ तुलनेनं सौम्य संयुगांत बदलतं, हे त्यातून उलगडलं. मोठ्या आकड्याचा धसका घेण्याआधी रूप विचारायला हवं, हे माझ्या मते इथूनच पक्कं झालं. पुढे द्रव-वर्णलेखन (मिश्रणातली संयुगं वेगळी करणारी पद्धत) आणि प्लाझ्मा वस्तुमान-वर्णपटमापक (मूलद्रव्य मोजणारं यंत्र) एकमेकांना जोडल्यावर ही रूपं वेगवेगळी मोजता येऊ लागली.

अपवाद निघाला हिजिकीचा. जपानी घरांत गाजर आणि सोया सॉसबरोबर शिजणाऱ्या या काळ्या शेवाळात अकार्बनी, म्हणजे घातक, आर्सेनिकच भरपूर. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २००४ मध्ये पाच प्रकार तपासले: आरामे, कोंबू, नोरी आणि वाकामे सुटले, हिजिकी खाऊ नका असा सल्ला निघाला. जपानच्या आरोग्य मंत्रालयानं उलट गणित मांडलं: ५० किलो वजनाच्या माणसानं रोज ४.७ ग्रॅमहून जास्त हिजिकी सतत खाल्ली, तरच आर्सेनिकची आंतरराष्ट्रीय मर्यादा ओलांडेल; सरासरी खाणं ०.९ ग्रॅम. ज्या मर्यादेवर हे गणित उभं होतं, ती जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये मागे घेतली.