लुगडं गेलं, चादर आली

सोलापुरी चादर एकदा उलटून पाहा. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. कोपऱ्यात विणलेलं कारखान्याचं नाव मागून मात्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. विणलेल्या आणि छापलेल्या नक्षीतला फरक इथेच कळतो.

सोलापूर मुळात चादरीचं गाव नव्हतं. इथल्या हातमागांवर निघायची ती लुगडी. 1860 मध्ये रेल्वे आली, 1876-78 च्या दुष्काळाने खेडी हलली आणि त्याच धामधुमीत, 1877 मध्ये, पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं येत राहिली. साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक हा सारा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ आणि नवरात्राच्या दिवसांत फुलांची बतुकम्मा, हे आता गावाचेच सण झालेत.

मग बायकांचं नेसणं बदललं. नऊवारी मागे पडून गोल साडी आली, तिच्यामागोमाग नायलॉन-पॉलिएस्टरची, न चुरगळणारी आणि झटकली की वाळणारी साडी. काठाचं सुती लुगडं कोण घेणार? स्वातंत्र्यानंतरच्या काळात माग चादरीकडे वळले, ते जेकार्डच्या, म्हणजे मागावर बसवायच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, जोरावर. आधी आलेख कागदावर नक्षीचा चौकोन न् चौकोन रंगवायचा, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढाच धागा वर येतो. अशा पट्ट्यांची लांबलचक माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते. लुगड्याच्या काठाला बोटभर जागा होती, चादरीला अख्खं मैदान मिळालं. त्यात मोर आला, कमळ आलं, वेलबुट्टी आली. याच युक्तीने भिंतीवर लावायच्या विणलेल्या तसबिरीही निघाल्या, त्यांत देवही आहेत नि पुढारीही.

म्हणून यंत्राने कला मारली, हे सरसकट बोलणं मला पटत नाही. मोराची मान किती वळणार, हे आलेख कागदावर बसलेल्या माणसानेच ठरवलं होतं. झळ बसली ती घराला. हातमागाशेजारी कांड्या भरणारी बाई यंत्रमागाच्या कारखान्यात मागे पडली, आणि पूर्व भागातल्या कितीतरी घरांत विड्या वळायचं सूप आलं. गिरण्याही एकेक करून बंद पडल्या.

आज चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि आहेरात ती हौसेने दिली जाते. थंडीत मात्र देणारा-घेणारा दोघेही पानिपतचं मिंक ब्लँकेट पांघरतात. माग चालतात ते बरेचसे टॉवेलवर, आणि टॉवेलवर नक्षीला जागा पुन्हा काठापुरतीच.