फिट येणाऱ्या रुग्णासाठी कोणता अर्ज, कुठे आणि केव्हा? ठाणे–नवी मुंबईकरांसाठी माहिती

धाकट्या भावाला फिट येऊ लागल्या तेव्हापासून आमच्या घरात एक जाड फाइल आहे. ती पाहून कळव्यातल्या ओळखीच्या घरांतून विचारणा होते, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांचा त्यात समावेश आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही नावंही आहेत. अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं (एपिलेप्सी), नाव मात्र वेगळं दिलेलं नाही. त्यामुळे 'फिट येतात, बाकी सगळं ठीक आहे' एवढ्यावर अर्ज टिकणं अवघड जातं. पण अपस्मार पुष्कळदा एकटा नसतो. सोबत सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर आलेली मर्यादा) असते, बौद्धिक अक्षमता असते, एका बाजूची कमजोरी किंवा बोलण्यातली अडचण असते. अशा वेळी रुग्णालयातलं वैद्यकीय बोर्ड, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणारे डॉक्टर, त्या अडचणीचं मोजमाप करतं, म्हणून अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना तीच निवडायची. आम्ही पहिल्या वेळी नुसतं 'एपिलेप्सी' लिहून मोकळे झालो होतो. उजव्या हाताच्या कमजोरीचा एकही कागद जोडला नव्हता आणि सहा महिने वाया गेले. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाण किमान ४० टक्के लागतं.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. त्याला सरकारी शुल्क नाही. सायबर कॅफेवाला भरून देण्याचे पैसे घेतो ते त्याचे. आधार, अलीकडचा फोटो, राहण्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद एवढं लागतं. फॉर्ममधलं नाव आधारवर आहे तस्संच लिहा. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, एवढ्याशा फरकानंही पुढे अडतं.

आता नवी मुंबईकरांनी नीट लक्ष द्यावं अशी गोष्ट. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलं म्हणजे जिल्हा एकच असं नाही. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. प्रमाणपत्रासाठी आपण राहतो त्या जिल्ह्यातलं अधिकृत रुग्णालय, किंवा त्या आजाराचे उपचार जिथे चालू आहेत ते सरकारी रुग्णालय, असे दोन मार्ग आहेत. खारघरची माझी मामेबहीण मुलाला घेऊन थेट ठाण्याला आली आणि तशीच परत गेली, कारण तिचा पत्ताही इथला नव्हता आणि मुलाचे उपचारही इथे नव्हते. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठीही राहत्या पत्त्याचाच तालुका धरायचा. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नव्या बांधकामासाठी टेंभी नाक्यावरून मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं गेलं. निघण्याआधी बोर्डाचा वार आणि जागा दोन्ही विचारून घ्या.

बोर्डासमोर जाताना सोबत काय न्यायचं, यावर मी सगळ्यात जास्त भर देते. ईईजी (मेंदूतल्या लहरींची तपासणी) आणि एमआरआयचे रिपोर्ट, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी हे तर हवंच. त्याशिवाय एक साधी वही ठेवा. फिट कोणत्या तारखेला आली, किती मिनिटं चालली, शुद्ध हरपली का, अंग एका बाजूनं आखडलं की दोन्ही, नंतर किती वेळ गुंगी होती, त्या दिवशी गोळी चुकली होती का, एवढं लिहायचं. घरात कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओही काढावा; पण आधी रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ला फोन करा. ही वही न्यूरॉलॉजिस्टला गोळीची मात्रा ठरवायलाही उपयोगी पडते. प्रमाणपत्र नाकारलं किंवा टक्के कमी वाटले, तर कायद्यात अपिलाची सोय आहे. ते अपील लेखी करायचं. खिडकीवर वाद घालून काही होत नाही.

प्रमाणपत्रात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव नोंदवा. वर्षाला १ लाखापर्यंतचं हे विमा कवच आहे. दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा आणि औषधांचा खर्चही त्यात मर्यादेपर्यंत मिळतो, आणि फिटच्या रुग्णाचा खरा खर्च तिथेच होत असतो.

उपचाराचे पैसे हा वेगळा दरवाजा. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, आणि पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर आता पांढरं रेशनकार्डही चालतं. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटायचं. योजना मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, त्यामुळे बाहेरून केलेला एमआरआय किंवा महिन्याच्या गोळ्या त्यात धरू नका. कोणता उपचार यादीत आहे आणि त्या रुग्णालयाला त्याची मान्यता आहे का, हे दाखल होतानाच विचारा. बिल भरून झाल्यावर कुणी काही करू शकत नाही. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढवायचं राहून गेलेली घरं पुष्कळ आहेत. आजच कार्ड उघडून बघा. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

योजनेत बसलं नाही, तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत (कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात (३ लाख ६० हजारांपर्यंत) राखीव असतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, 'आयपीएफ योजना' (निर्धन रुग्ण निधी) असं नाव घेऊन विचारा.

मेंदूच्या मोठ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीही आहे. विहित नमुन्यातला अर्ज, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, १ लाख ६० हजारांपर्यंतचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि आजाराचे रिपोर्ट लागतात. खासगी रुग्णालय असेल तर अंदाजपत्रक सिव्हिल सर्जनकडून (जिल्हा शल्यचिकित्सक) प्रमाणित करून घ्यावं लागतं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधी भरलेल्या बिलाची भरपाई मिळत नाही.

रोजच्या गोळीसाठी मात्र कुठलाच अर्ज नाही, आणि हेच पुष्कळांना माहीत नसतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही अपस्मारावरची जुनी, भरवशाची औषधं आहेत. सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी दुकानात आधी चौकशी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य उपचार मिळाले तर १०० पैकी सुमारे ७० रुग्णांच्या फिट थांबू शकतात. मात्र फिट थांबल्या म्हणून गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. कंपनी बदलायची असेल तरी आधी डॉक्टरांशी बोला.

वाहन परवान्याबद्दलही सांगायला हवं. अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न असतो. एजंट तिथे परस्पर 'नाही'वर खूण करून टाकतो. तसं करू देऊ नका. ते स्वयंघोषणापत्र आहे आणि खाली सही आपली असते.

बोर्डाच्या दिवशी आई भावाला सकाळची गोळी द्यायला तयार नव्हती. डॉक्टरांसमोर फिट आली तर त्यांना खरं वाटेल, असं तिच्या मनात होतं. तिच्यासारखा विचार करणारी माणसं मला नंतर बरीच भेटली. तसं करू नका. गोळी वेळेवर द्या, जेवण करून निघा, आणि रांगेत दुपार होईल असं धरून दुपारचा डोसही पिशवीत ठेवा.