किक वाजते तेव्हा बास कुठे जातो?

एका ट्रॅकवर काम करताना मी दोन दिवस एकाच दुखण्याशी झगडत होतो. किक ड्रमचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचं) सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडा, एकच, आवाजाची पातळी तीच, तरी एक ठोका छातीवर आदळायचा आणि पुढचा पोकळ वाजायचा. सॅम्पल बदलून पाहिलं, इक्यू (खालच्या-वरच्या सुरांची पातळी वेगवेगळी बदलणारं साधन) फिरवून पाहिला, फरक शून्य. शेवटी वैतागून बासचा, म्हणजे खालच्या सुरांच्या वाद्याचा, ट्रॅक म्यूट केला, आणि सगळे ठोके एकदम सारखे झाले.

बासचा सूर होता 55 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 55 आवर्तनं, आणि किकचं वजनही साधारण तिथेच होतं. 55 हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन सुमारे 18 मिलिसेकंदांत पुरं होतं. ठोका पडतो त्या क्षणी बासची लाट चढणीवर आहे की उतारावर, हे दर ठोक्याला वेगळं असतं. सारख्या उंचीच्या दोन लाटांची शिखरं एकावर एक आली, तर पातळी 6 डेसिबलने वाढते. एकीचं शिखर दुसरीच्या दरीत पडलं, तर दोघी एकमेकींना गिळून टाकतात. माझे पोकळ ठोके याच दरीत पडत होते.

यात कानाची स्वतःची मर्यादा भर घालते. 1940 साली बेल लॅब्जमधल्या हार्वे फ्लेचर यांनी क्रिटिकल बँडची कल्पना मांडली. कान आवाजाची विभागणी ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांत करतो, आणि एकाच पट्ट्यात आलेल्या दोन आवाजांपैकी मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. खर्जात हा पट्टा सुमारे 100 हर्ट्झ रुंद असतो. म्हणजे 50 हर्ट्झची किक आणि 80 हर्ट्झचा बास कानाच्या लेखी एकाच घरात राहतात. त्यात खर्जाला आपला कान मंद, त्यामुळे हे सूर नीट ऐकू यावेत म्हणून त्यांची पातळी बरीच चढवावी लागते. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलचं छत असतं. त्या छताखालची बहुतेक जागा किक आणि बास हे दोघेच खाऊन बसतात.

वाट काढायची तर एकाने क्षणभर बाजूला व्हायला हवं. हे काम कंप्रेसर करतो.

कंप्रेसर म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणावर ठेवलेला एक चपळ हात. आवाज थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या, वर गेला की हा हात तो खाली ओढतो. थ्रेशोल्ड उणे 20 डेसिबल, रेशो चारास एक, आणि आवाज आला उणे 12 वर, तर वरचे 8 डेसिबल दाबून 2 केले जातात आणि आवाज उणे 18 वर बाहेर पडतो. हात किती झटकन खाली येतो ते अटॅक ठरवतो, किती सावकाश मूळ जागी परततो ते रिलीज.

पण या यंत्राला हात असतो तसा कानही असतो. आतला सिग्नल दोन वाटांनी जातो: एका वाटेवर आवाज कमी होतो, दुसऱ्या वाटेवर पातळी फक्त मोजली जाते. ही मोजणारी वाट म्हणजेच साइडचेन. एरवी दोन्ही वाटांवर एकच आवाज असतो. मोजणाऱ्या वाटेवर दुसराच आवाज सोडला, की हात बासवर आणि कान किकवर अशी व्यवस्था होते. किक वाजली की बास दबतो, किक थांबली की वर येतो. रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचं संगीत आपोआप खाली जातं, तेही याच युक्तीने.

नृत्यसंगीतातल्यांनी तिचा उघड खेळ केला. 1990 च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच हाउस या नृत्यसंगीत प्रकारातल्या ट्रॅकमध्ये अख्खं संगीत किकसोबत धापा टाकल्यासारखं खाली-वर होऊ लागलं. याला पंपिंग म्हणतात. पुढे तर लोक घोस्ट किक वापरू लागले: ऐकू न येणारी किक फक्त साइडचेनला द्यायची, म्हणजे ठोके बंद असतानाही संगीत श्वास घेत राहतं. मला ही कल्पना अजूनही फार सुंदर वाटते, कारण ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याचा ताल मात्र पोहोचतो.

खरी कसोटी लागते ती वेळेच्या हिशेबात. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत दोन किकमध्ये 500 मिलिसेकंद असतात. रिलीज फार लांब ठेवला तर बास वर येईपर्यंत पुढची किक हजर, आणि बास कायमचाच दबलेला. अटॅक शून्याजवळ नेला तर लाट मधेच कापली जाते आणि टिक असा आवाज येतो, म्हणून एक-दोन मिलिसेकंदांची सवलत द्यावी. रिलीज अतिशय आखूड केला तर गंमतच होते. 50 हर्ट्झच्या किकचं आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, आणि मोजणारा कान वरचं आणि खालचं अशी दोन्ही टोकं मोजतो, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांना त्याला एक शिखर दिसतं. हात तेवढ्या अवकाशात सुटून पुन्हा दाबू लागला, तर बासची पातळी सेकंदाला 100 वेळा थरथरते. ही थरथर व्हॉल्यूमचा बदल म्हणून ऐकू येत नाही, ती घरघर म्हणून येते. अशा घरघरीसाठी बिचाऱ्या स्पीकरला दोष दिलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

आता मल्टिबँड. साधा कंप्रेसर सगळ्या आवाजावर एकच हात ठेवतो. संपूर्ण मिक्सवर लावला, तर खर्जातल्या किकमुळे वरचे हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) आणि गायकाचा आवाजही दबतात, त्यांचा काही गुन्हा नसताना. मल्टिबँड कंप्रेसर आधी आवाजाचे दोन, तीन किंवा चार पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळा हात ठेवतो. पट्टे पाडण्याचं काम क्रॉसओव्हर फिल्टरचं. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्युलेट-पॅकार्डमधल्या अभियंत्यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेली रचना आजही पुष्कळ प्लगइनांत (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांत) सापडते. तिच्यात सांध्यावर, म्हणजे दोन पट्टे मिळतात तिथे, दोन्ही पट्टे 6 डेसिबल खाली असतात, म्हणजे अर्धे-अर्धे, आणि जोडले की पातळी पुन्हा सपाट. पातळी सपाट राहते, पण लाटेची फेज, म्हणजे आवर्तनातली तिची जागा, मात्र सांध्याच्या आसपास फिरते. त्यामुळे काहीही न दाबता नुसता मल्टिबँड लावला तरी किकच्या सुरुवातीचा धारदारपणा किंचित बदलू शकतो. म्हणून मी तो सवयीने लावत नाही. एखादा पट्टा खरोखर त्रास देत असेल तरच.

अलीकडे याच यंत्राचं एक आक्रमक रूप ओटीटी नावाच्या प्लगइनमधून सर्वत्र ऐकू येतं. ते तीन पट्ट्यांत मोठे आवाज खाली दाबतं आणि त्याच वेळी बारीक आवाज वर उचलतं. सिंथ एकदम चमकतो, पण रिव्हर्बच्या (खोलीतल्या घुमाऱ्याच्या) शेपट्या आणि मागची खरखरही वर येते. पूर्ण मात्रेत दिलं की पाच मिनिटांत कान थकतात. मी चौथ्या हिश्शाच्या वर क्वचितच जातो.

माझ्या त्या ट्रॅकचं उत्तर निघालं ते दोन्ही युक्त्या एकत्र केल्यावर. बासचे 120 हर्ट्झवर दोन पट्टे पाडले. किकचं साइडचेन फक्त खालच्या पट्ट्याला दिलं, वरच्याला हातही लावला नाही. किक वाजताच 55 हर्ट्झचा मूळ सूर सुमारे 150 मिलिसेकंद जवळजवळ नाहीसा होतो, पण त्याचे वरचे हार्मोनिक (55 च्या पटीतले सूर), म्हणजे 165, 220, 275, वाजतच राहतात. इथे मेंदू आपल्या मदतीला येतो. या आकड्यांमधलं अंतर 55 चं आहे, आणि तेवढ्यावरून मेंदू 55 चा सूर स्वतःच उभा करतो. मूळ सूर गायब असतानाही तो ऐकू येतो, हे ऑगस्ट झेबेक यांनी 1840 च्या दशकात सायरनवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. त्यामुळे बास बाजूला झाला होता हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. त्याला फक्त किक भरीव वाटते.

हे मी फोनच्या स्पीकरवरही ऐकून पाहिलं. असा स्पीकर 55 हर्ट्झ जवळजवळ वाजवूच शकत नाही. अख्खा बास दाबला होता तेव्हा दर ठोक्याला त्याची ओळ तुटत होती. फक्त खालचा पट्टा दाबल्यावर ती सलग ऐकू आली, आणि मोठ्या स्पीकरवर किकचे सगळे ठोके एकसारखे पडले.