स्क्लेरोडर्मा (चामडी कडक होण्याचा आजार)

स्क्लेरोडर्मा हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, कोलॅजन (चामडीला घट्टपणा देणारं प्रथिन) नको तितकं साठत जातं आणि चामडी जाड, ताठ होते. ग्रीक भाषेत स्क्लेरोस म्हणजे कडक आणि डर्मा म्हणजे चामडी, तिथनं हे नाव. मॉर्फिया प्रकारात फक्त चामडीवर कडक चट्टे येतात, सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये मात्र फुफ्फुसं, अन्ननलिका, हृदय, किडनी यांनाही झळ बसू शकते. बायकांना हा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीत.

सुरुवात बोटांपासनं. बेळगाव-खानापूरकडं थंडीत पहाटे गार पाण्यात भांडी घासताना बोटं एकदम पांढरीफटक पडतात, मग निळी, आणि चुलीजवळ ऊब मिळाली की लाल होऊन ठणकायला लागतात. याला रेनॉ म्हणतात, फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये ते मांडलं. आता रेनॉ असलेल्या सगळ्यांनाच स्क्लेरोडर्मा होत नाही, बहुतेकांना होतच नाही, पण तिशीनंतर नव्यानं सुरू झालं, बोटं सुजून अंगठी निघेना, बोटाच्या टोकाची जखम भरेना, तर गारठ्यावर ढकलून बसू नये. पुढं बोटाच्या पाठीवरची चामडी चिमटीत धरायला गेलं तर येतच नाही.

अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले की लोक महारोग समजतात आणि त्या बाईचं ताट-तांब्या वेगळं करतात, हे फार वाईट आहे. कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते, इथं तशी जात नाही, आणि हा आजार जंतूंमुळे होत नाही, शिवल्यानं तर अजिबात पसरत नाही.

पुरुषांच्या बाबतीत सिलिकाची (वाळू-दगडातली) बारीक धूळ हे एक माहीत असलेलं कारण, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत ते १९५७ मध्येच दिसलं होतं. बेळगावच्या उद्यमबागसारख्या कारखान्यांच्या भागात फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणाऱ्यानं बोटं निळी पडत असतील तर डॉक्टरला आपलं काम आधी सांगावं. विडी-सिगरेटनं रक्तवाहिन्या अजून आवळतात, ती बंदच करायला पाहिजे.

तपासणीत रक्तातल्या एएनए, एससीएल-७०, अँटी-सेंट्रोमियर या अँटीबॉडी (आपल्याच शरीरावर उलटलेली प्रथिनं) बघतात, फुफ्फुसांसाठी एचआरसीटी म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, हृदयासाठी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चामडी किती कडक झाली ते १७ ठिकाणी चिमटीत धरून ० ते ३ मार्क देऊन मोजतात, जास्तीत जास्त ५१. दाखवायचं संधिवाताच्या डॉक्टरला, म्हणजे रूमॅटोलॉजिस्टला.

मुळापासून बरं करणारं औषध नाही, पण आटोक्यात ठेवता येतं. फुफ्फुसांसाठी मायकोफेनोलेट, निंटेडॅनिब, बोटांसाठी निफेडिपिन. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात धरायची, सांधे दुखतात म्हणून कुणी जास्त डोसचं स्टेरॉईड देत असेल तर आधी हा आजार असल्याचं सांगायचं, कारण त्यानं किडनीचा अचानक झटका यायचा धोका वाढतो. बीपी एकाएकी चढतं, डोकं दुखतं, लघवी कमी होते, आणि कॅप्टोप्रिलसारखी बीपीची औषधं वेळेत मिळाली तर किडनी वाचू शकते, म्हणून घरात बीपीचं मशीन असावं.

तोंड लहान होत जातं, भाकरीचा घास जाईनासा होतो, अशा वेळी गाल-ओठ ताणायचा व्यायाम रोज करायचा आणि भाकरी दुधात कुस्करून द्यायची. अन्ननलिका आळसावलेली असते, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, रात्री उशाकडची बाजू विटा लावून उंच करायची.